वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया

जुबिली हा शब्द कानी पडताच आजकाल आपल्या डोळ्यांपुढे रोषणाई, पताका, बाजा व मेजवानी ही उभी राहतात. आणि त्यांत गैर असे काहीच नाही. आनंदाचे दिवशी आनंद करावा हे योग्यच होय. परंतु ह्या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास ते इस्राएल लोकांच्या नियमशास्त्रात सापडते. दर पन्नासावे वर्ष पवित्र मानावे, मेंढ्याच्या शिंगाचा नाद देशभर घुमवावा, विकली गेलेली वतनाची जमीन मूळ कुळास परत मिळावी, आणि दारिद्र्यापायी दास झालेल्या बांधवास मोकळे करून घरी जाऊ द्यावे, अशी आज्ञा लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात लिहिलेली आहे. म्हणजे जुबिली हे मुळात सुटकेचे व घरी परतण्याचे वर्ष होय.

ह्या स्मरणिकेत आमच्या धर्मग्रामाचा इतिहास, पूर्वीच्या धर्मगुरूंची नावे व देणगीदारांची यादी यथास्थित आलीच आहे. तिच्या जोडीला एखाद्या साधुपुरुषाचे चरित्र आम्ही लिहावे अशी स्मरणिका-मंडळाने इच्छा दर्शविली, तेव्हा कोणाचे लिहावे ह्याविषयी आम्हांस फार विचार करावा लागला नाही. गिरगावच्या ह्या वाड्यांतून कोणी वसईकडून आलेले, कोणी साष्टीतील जुन्या गावांतले, कोणी गोव्याचे, तर कोणी मंगळुरास मूळ असलेले असे श्रद्धावंत पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आले आहेत. ह्या सर्वांस आपला म्हणता येईल, आणि ज्याच्या आयुष्यात जुबिलीचा खरा अर्थ दिसून येईल, असा पुरुष आपल्या उंबरठ्याशीच जन्मलेला आहे. ते म्हणजे वसईचे संत गोन्सालो गार्सिया. भारतभूमीत जन्म घेऊन संतपदास पोहोचलेले हे पहिले पुरुष असूनही त्यांचे नाव माहीत असणारे पुष्कळ व चरित्र माहीत असणारे थोडे, अशी आपली स्थिती आहे.

गोन्सालो ह्यांचा जन्म 1557 च्या सुमारास वसई येथे झाला. त्या वेळी वसई पोर्तुगिजांच्या अमलाखाली येऊन वीस-बावीस वर्षे लोटली होती. गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्याने 1534 मध्ये तह करून तो प्रांत त्यांस दिला होता. गोन्सालो ह्यांचे वडील पोर्तुगीज शिपाई होते व आई ह्याच कोकणपट्टीतील होती. तेव्हा बापाची भाषा एक व आईची दुसरी, अशा घरात ते वाढले. पुढे दोन परक्या मनांमध्ये दुभाष्याचे काम करण्याचे जे त्यांच्या वाट्यास आले, त्याचा पहिला धडा आईच्या मांडीवरच मिळाला असे म्हटल्यास चूक होणार नाही.

वसईच्या किल्ल्यात येशूसंघाच्या धर्मगुरूंची शाळा होती. तेथे गोन्सालो ह्यांस अक्षरओळख, प्रार्थना व धर्मशिक्षण मिळाले. पंधरा-सोळा वर्षांचे वय झाले असेल नसेल, तोच त्या संघाच्या धर्मगुरूंबरोबर ते जपानास निघाले. त्या काळी असा प्रवास म्हणजे शिडाच्या गलबतावर वाऱ्याच्या मर्जीने महिनेच्या महिने काढणे होते, आणि गेलेला मनुष्य परत येईलच अशी खात्री कोणी देत नसे. ज्या आईने त्या मुलास किनाऱ्यावरून निरोप दिला असेल, तिला तो पुन्हा दिसला असे मानण्यास काही आधार नाही.

जपानात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी 1549 मध्ये सुवार्तेचे बीज पेरले होते. गोन्सालो तेथे पोहोचले तेव्हा ते रोप जोमाने वाढत होते. त्यांनी थोड्याच काळात जपानी भाषा अशी आत्मसात केली की, तेथील लोक त्यांचे बोलणे आवडीने ऐकत. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. लहान मुलांस शिकवावे, आजाऱ्यांस भेटावे, धर्मगुरूंचे शब्द लोकांस समजावून द्यावेत, हा त्यांचा नित्यक्रम. मनात मात्र एकच इच्छा होती: येशूसंघात बंधू म्हणून आपला स्वीकार व्हावा. ती इच्छा त्यांनी बोलून दाखविली, वाट पाहिली, पुन्हा वाट पाहिली. परंतु तो स्वीकार काही झाला नाही.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. कारण संतचरित्रे वाचताना आपण क्रुसाच्या वा तरवारीच्या प्रसंगाकडे धाव घेतो, आणि मनुष्याची खरी परीक्षा ज्या निमूट दिवसांत होते ते दिवस ओलांडून जातो. ज्यांच्यासाठी घरदार सोडले, ज्यांच्या कार्यात ऐन उमेदीची आठ वर्षे घातली, त्यांच्याच दारात नकार मिळणे हे दुःख लहान नव्हे. शत्रूने मारलेला दगड मनुष्य सहन करतो. परंतु आपल्या माणसांनी लावून घेतलेले दार त्यास जन्मभर डाचत राहते.

ह्या दुःखाची चव आम्हांस थोडीशी ठाऊक आहे, आणि विषयास लागू असल्याकारणाने ती येथे सांगतो. सेमिनरीत असताना आमच्या एका वरिष्ठांनी आम्हांस एक वर्ष मागे ठेविले. कारण सांगितले नाही. सोबती पुढे गेले व आम्ही मागे राहिलो. पुढे यथाकाल आमची दीक्षा झाली, परंतु त्या वरिष्ठांविषयीची अढी मात्र आम्ही मनात जपून ठेविली. पुष्कळ वर्षे ठेविली. क्षमा ह्या विषयावर आम्ही व्यासपीठावरून उपदेश करीत होतो, आणि ते वृद्ध होऊन अंथरुणास खिळले आहेत हे कळूनही भेटीस जाण्याचे आज नको, उद्या पाहू, असे करीत होतो. शेवटी निघालो तो त्यांच्या दफनास. त्या दिवशी कबरीवर मूठभर माती टाकताना आम्हांस जे उमगले ते हे की, ते दार त्यांनी एक वर्ष बंद ठेविले होते, आणि आम्ही मात्र ते वीस वर्षे आतून कडी लावून बंद ठेविले होते.

गोन्सालो ह्यांनी असे केले नाही. ते जपानातून निघाले व व्यापारात पडले. आसपासच्या बंदरांतून त्यांची ये-जा सुरू झाली, आणि भाषेचे ज्ञान, सचोटी व गोड वाणी ह्यांमुळे व्यापारात त्यांचा जमही चांगला बसला. पैसा आला, ओळखी वाढल्या. एखाद्याने म्हटले असते की, परमेश्वरास मी नको होतो, म्हणून आता मी माझा मोकळा आहे. नशिबात नव्हते, असे म्हणून पुष्कळ लोक आपल्या आयुष्यातील उत्तम गोष्टींवर पाणी सोडतात. परंतु गोन्सालो ह्यांनी नकारास नशीब मानले नाही. व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाइन्स बेटांतील मनिला शहरी जाऊन राहिले, तेथे संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांच्या संघातील व्रतस्थांशी त्यांचा परिचय झाला, व त्यांचे दारिद्र्य आणि आनंद ही दोन्ही एकाच ठिकाणी पाहून जुनी ज्योत पुन्हा पेटली. त्यांनी आपला धंदा सोडला, अंगावर जाडाभरडा झगा घेतला, आणि त्या संघाचे साधे बंधू झाले. ते धर्मगुरू झाले नाहीत. मनिलात त्यांनी महारोग्यांच्या सेवेस वाहून घेतले.

इच्छास्वातंत्र्य हा शब्द सेमिनरीत आम्ही मोठमोठ्या ग्रंथांतून शिकलो. गोन्सालो ह्यांच्या जन्मापूर्वी दहा वर्षे, म्हणजे 1547 मध्ये, त्रेन्त येथील धर्मपरिषदेने ह्याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट केली. तिचे तात्पर्य थोडक्यात असे की, आदिपापामुळे मनुष्याची स्वतंत्र इच्छा दुबळी झाली व वाकली खरी, परंतु नष्ट झाली नाही. पहिली हाक नेहमी परमेश्वराच्या कृपेची असते. मात्र त्या हाकेस ओ देणे अथवा न देणे हे मनुष्याच्या हाती राहते. कृपा मनुष्यास निर्जीव वस्तूप्रमाणे उचलून नेत नाही. बुडणाऱ्याकडे दोर टाकणारा वर उभा असतो. दोर त्याचा, बळ त्याचे, ओढणे त्याचे. परंतु मूठ मिटणे हे बुडणाऱ्याने करावयाचे असते. गोन्सालो ह्यांनी एकदा मूठ मिटली, ती निसटली, तेव्हा त्यांनी पुन्हा मिटली. ह्या दुसऱ्या वेळच्या मूठ मिटण्यातच त्यांचे सारे संतपण आहे असे आम्हांस वाटते.

पुढील कथा इतिहासात प्रसिद्ध आहे. जपानचा सर्वाधिकारी टोयोटोमी हिदेयोशी ह्याने 1587 मध्येच परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, परंतु त्याची अंमलबजावणी सैल होती. 1593 मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस वकील म्हणून हिदेयोशीकडे पाठविले, आणि त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून बंधू गोन्सालो गेले. ज्या देशातून ते रित्या हातांनी निघाले होते, त्याच देशात ते आता परमेश्वराचे म्हणून परतले. हिदेयोशीने त्यांस राजधानी मियाको, म्हणजे आजचे क्योतो, येथे राहण्याची मोकळीक दिली. तेथे त्यांनी मठ बांधला व महारोग्यांसाठी रुग्णालये उघडली. ज्यांस घरचे लोक शिवत नसत, त्यांच्या जखमा हे बंधू आपल्या हातांनी धूत.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. जपानात जाण्याचा अधिकार पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी 1585 मध्ये केवळ येशूसंघास दिलेला होता, व त्यामुळे फ्रान्सिस्कन बंधूंच्या आगमनावरून दोन्ही संघांत बरेच मतभेद माजले. साधुसंघांतही भाऊबंदकी असू शकते. वस्त्रे पवित्र असली म्हणून मने आपोआप पवित्र होत नाहीत. ह्या वादात गोन्सालो ह्यांची स्थिती किती नाजूक असेल ह्याची कल्पना करावी: ज्या संघाने त्यांस वाढविले तो एका बाजूस, व ज्याने स्वीकारले तो दुसऱ्या बाजूस.

1596 च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. माल जप्त झाला. त्या वेळी गलबताच्या सुकाणूवाल्याने आपल्या राजाच्या साम्राज्याची बढाई मारली व आधी धर्मगुरू जातात आणि मागून सैन्य येते असा अर्थ तिच्यातून निघाला, असे सांगतात. हिदेयोशीचा क्रोध भडकला. त्याचा संशय ह्या गरीब बंधूंविषयी खोटा होता. परंतु तो सर्वस्वी निराधार होता असे आम्हांस म्हणवत नाही. आपली वसई हेच त्याचे उदाहरण आहे. तेथे क्रूस व तोफ एकाच गलबतातून उतरली, आणि पोर्तुगीज अमलात ह्या प्रांती देवळे पाडली गेली हेही खरे आहे. श्रद्धा ही दडपणाने वा लालुचीने देता येत नाही, ती मोकळ्या मनानेच स्वीकारावयाची असते, हे ख्रिस्तसभेने 1965 साली व्हॅटिकन येथील परिषदेत निःसंदिग्ध शब्दांत जाहीर केले. आणि सत्याच्या सेवेच्या नावाखाली आपल्या लेकरांकडून जे अन्याय झाले त्यांबद्दल पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी 2000 सालच्या महाजुबिलीत, 12 मार्च रोजी, रोम येथे परमेश्वराची उघड क्षमा मागितली. शेजारधर्माने आमच्या सणांस हजर राहणाऱ्या हिंदू बांधवांच्या ह्या गिरगावात हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. जी ख्रिस्तसभा इतरांस पापनिवेदन करावयास सांगते, तिने स्वतः गुडघे टेकले, ह्यात तिचा मोठेपणाच आहे.

डिसेंबर 1596 मध्ये मठांभोवती पहारे बसले. बंदिवानांची यादी करताना शिपायांनी मथियास नावाच्या स्वयंपाक्यास हाक मारली. तो मथियास त्या वेळी बाहेर गेलेला होता. तेव्हा शेजारीच राहणारा त्याच नावाचा दुसरा एक ख्रिस्ती मनुष्य पुढे आला, आपलेही नाव मथियासच आहे व आपणही ख्रिस्ती आहोत असे त्याने सांगितले, आणि शिपायांनी त्यास बांधून नेले. पहिल्या मथियासाच्या जागी दुसरा मथियास मरणास गेला. नावापलीकडे ह्या मनुष्याविषयी फारसे कोणास ठाऊक नाही. परंतु इच्छास्वातंत्र्य म्हणजे काय, ह्यावर सेमिनरीतील कोणत्याही ग्रंथापेक्षा त्याचे ते एक पाऊल आम्हांस अधिक शिकवून जाते.

3 जानेवारी 1597 रोजी मियाको येथे चोवीस बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला, आणि गाड्यांत बसवून त्यांची शहरभर धिंड काढण्यात आली. मग नागासाकीचा प्रवास सुरू झाला. सुमारे आठशे किलोमीटर अंतर, ऐन हिवाळा, बर्फ, अंगावर अपुरी वस्त्रे, व गावोगावी लोकांनी पाहून धडा घ्यावा म्हणून पुढे चालणारा फलक. वाटेत त्यांची सेवा करीत चाललेल्या दोघांस शिपायांनी धरले, व चोवीसांचे सव्वीस झाले. ते दोघे मागे फिरू शकले असते, फिरले नाहीत.

ह्या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन येशूसंघाचे होते व सतरा जपानी संसारी लोक होते: सुतार, स्वयंपाकी, वैद्य, शिक्षक, व मठात मिस्सेच्या वेळी सेवा करणारी मुले. लुईस इबाराकी हा बारा वर्षांचा, आन्तोन हा तेरा वर्षांचा. थॉमस कोझाकी नावाचा मुलगा आपल्या बापाबरोबर मरणास चालला होता. त्याने वाटेत आईस लिहिलेले पत्र पुढे बापाच्या कलेवरावर रक्ताने भिजलेले सापडले. शिक्षेचा अंमल ज्याच्याकडे होता त्या अधिकाऱ्यास लहानग्या लुईसची दया आली, व श्रद्धा सोडशील तर तुला सोडवून जवळ ठेवून घेतो असे त्याने सांगितले. मुलाने ते नाकारले. येथे कोणाची जबरदस्ती नव्हती. उलट सुटकेचे दार उघडे होते व अधिकारीच ते उघडून उभा होता.

5 फेब्रुवारी 1597 रोजी सकाळी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस मांडून ठेविलेले होते. हातापायांस व मानेस लोखंडी कड्या घालून प्रत्येकास क्रुसाशी जखडले गेले, आणि मग सर्व क्रूस एका रांगेत उभे केले गेले. मुलांनी स्तोत्र आळविले. येशूसंघाचे पावल मिकी ह्यांनी क्रुसावरून जमलेल्या लोकांस उपदेश केला, व आपल्या मरणास कारण झालेल्या हिदेयोशीस व सर्वांस आपण क्षमा करीत आहोत असे सांगितले. नंतर दोन दोन भालेकऱ्यांनी दोन्ही कुशींतून भाले खुपसून एकेकाचा अंत केला. बंधू गोन्सालो ह्यांचे वय त्या वेळी सुमारे चाळीस वर्षांचे होते. ज्या संघाने त्यांस घेतले नाही त्याचे तिघे, व ज्या संघाने घेतले त्याचे इतर पाच, एकाच रांगेत त्यांच्याबरोबर होते. जो वाद पत्रांनी व हुकमांनी मिटला नव्हता, तो त्या रांगेत त्या सकाळपुरता तरी मिटला.

क्षमा ह्या शब्दाचा अर्थ येथे नीट पाहिला पाहिजे. क्षमा म्हणजे अन्याय झालाच नाही असे म्हणणे नव्हे. पावल मिकी ह्यांनी आपण निरपराध आहोत हेही सांगितले, व मगच क्षमा केली. क्षमा म्हणजे विसरणेही नव्हे. भाला कुशीत असताना कोण विसरेल? क्षमा म्हणजे दुसऱ्याचे आपल्याकडे जे देणे निघते, त्याची वहीच फाडून टाकणे. आणि हे मनुष्यास स्वबळाने सहसा साधत नाही. ज्यास आपली स्वतःची वही परमेश्वराने फाडली आहे हे समजले, त्यासच दुसऱ्याची फाडण्याचे धैर्य होते.

हिदेयोशी पुढील वर्षी, 1598 मध्ये, मरण पावला. हुतात्म्यांच्या रक्ताने भिजलेल्या वस्त्रांचे तुकडे लोकांनी घरी नेऊन जपले. पोप आठवे अर्बन ह्यांनी 1627 मध्ये त्यांस धन्य म्हणून घोषित केले, आणि पोप नववे पायस ह्यांनी 8 जून 1862 रोजी, पेंटेकॉस्टच्या दिवशी, रोम येथे सव्वीसांसही संतपद दिले. मधल्या काळात 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई जिंकली, किल्ल्यातील देवालये ओस पडली, तरी वसईच्या गावांतून श्रद्धा टिकून राहिली. आज वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत आहे, व 1998 पर्यंत तो आपल्या मुंबई धर्मप्रांताचाच भाग होता. जो कोणी गिरगावाहून चर्नी रोडास गाडी धरून विरारकडे जातो, तो दोन तासांच्या आत ह्या संताच्या जन्मभूमीत उतरतो.

चरित्र येथे संपले असे कोणी म्हणेल. परंतु ते येथेच संपविले तर आमच्या मनातील अर्धा भाग राहून जाईल. कारण हुतात्म्यांचे चरित्र ऐकून दुबळा मनुष्य कित्येकदा अधिकच निराश होतो. आपण कोठे व हे कोठे, असे म्हणून तो देवळाच्या मागल्या बाकावरूनच घरी जातो. त्याच्यासाठी जपानातील पुढची हकीकत सांगितली पाहिजे.

1614 पासून जपानात ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली. धर्मगुरू मारले गेले वा हाकलले गेले. अखेर एकही उरला नाही. नागासाकीच्या बाजूस लोकांस दरवर्षी ख्रिस्ताची वा मरिया माउलीची मूर्ती कोरलेल्या पाटीवर पाय ठेवावयास लावीत. जो ठेवी तो सुटे, जो न ठेवी तो पकडला जाई. ज्यांच्या अंगी गोन्सालो ह्यांचे बळ नव्हते अशा हजारो लोकांनी, घरातील मुलाबाळांकडे पाहून, पाय ठेविला. मग ते घरी येत, दार लावून घेत, आणि हलक्या आवाजात पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. कुमसार ऐकावयास धर्मगुरू नसेल तर अंतःकरणपूर्वक, परमेश्वरावरील प्रेमापोटी पश्चात्ताप कसा करावा, हे सांगणारी एक छोटी पुस्तिका 1603 मध्ये जपानी भाषेत तयार झाली होती. तीतील शिकवण त्यांनी नकलून व पाठ करून बापाकडून मुलाकडे अशी दोनशे वर्षांवर चालविली. 1865 च्या मार्च महिन्यात, नागासाकीत त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावे बांधलेल्या ओउरा येथील नव्या देवालयात काही खेडूत स्त्री-पुरुष भीत भीत आले, व फादर पेतिज्याँ ह्यांस त्यांनी आपली श्रद्धा कानात सांगितली. जगास वाटले होते की तेथील ख्रिस्तसभा मेली. ती पश्चात्तापाच्या प्रार्थनेवर जिवंत राहिली होती.

टेकडीवर सव्वीस जण मेले, त्यांनी श्रद्धेस साक्ष दिली. घराघरांतून हजारो लोक पडले व पुन्हा उठले, त्यांनी परमेश्वराच्या क्षमेस साक्ष दिली. पहिल्यांची नावे आपण वेदीवर घेतो. दुसऱ्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. परंतु दुसरे नसते तर पहिल्यांची आठवण ठेवावयास त्या टेकडीभोवती कोणी उरले नसते. पेत्र व यहूदा ह्या दोन शिष्यांमधील फरकही हाच आहे. दोघांनीही आपल्या प्रभूस सोडले. एकाने रडून परत येण्याचे मोकळेपण वापरले. दुसऱ्याने आपले पाप परमेश्वराच्या दयेहून मोठे आहे असे मानले. पाप करण्यात जसे मनुष्याचे स्वातंत्र्य आहे, तसेच परत येण्यातही आहे. आणि परमेश्वर पहिल्याचा हिशेब ठेवीत असता दुसऱ्याची वाट पाहत असतो.

आता आमच्या धर्मग्रामाच्या लोकांस दोन शब्द सांगून ही लेखणी ठेवितो. ह्या वाड्यांतून एका भिंतीच्या दोहो बाजूंस सख्खे भाऊ राहतात, व वडिलोपार्जित खोलीच्या वाटणीवरून त्यांचा अबोला असतो. मे महिन्यात वाडीतील क्रुसापुढे लदीन होते, तेव्हा एक उजवीकडे उभा राहतो व एक डावीकडे. दोघांच्याही हातांत मेणबत्ती असते. काही जण आहेत की जे वर्षानुवर्षे कुमसाराच्या खुर्चीपाशी आलेले नाहीत. कोणी म्हणतो की नशिबात होते तसे घडले, कोणी म्हणतो की आता फार उशीर झाला. आम्ही कोणाचे नाव घेत नाही. उशीर म्हणजे काय हे आम्ही वर सांगितलेच आहे, आणि ते आमच्याच पदरचे सांगितले आहे.

बंधूंनो व भगिनींनो, देवालयास नवा रंग दिला, घंटा घासून लख्ख केली, जुन्या लाकडी बाकांस पॉलिश झाले. हे सर्व आपण उत्तम प्रकारे केले, व त्याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहो. परंतु जुबिलीचा मुख्य खर्च पैशांचा नाही. उत्सवाच्या अगोदरच्या तिन्ही दिवशी सायंकाळी आम्ही कुमसाराच्या खुर्चीत बसून राहू. कोणी लवकर यावे, कोणी उशिरा यावे. जो येईल त्यास किती वर्षांनी आलास असे आम्ही विचारणार नाही. आणि ज्यास भावाच्या दारावर थाप मारावयाची आहे, त्याने आमच्याकडे येण्यापूर्वी ती मारून यावी.

मनिलाच्या महारोग्यांच्या जखमा धुणारे, नाकारले गेले तरी न रुसलेले, व क्रुसावरही एकटे न मरता भावांच्या रांगेत मेलेले आपले संत गोन्सालो, आमच्या गिरगावच्या ह्या लहानशा कळपासाठी विनंती करोत. आणि ज्याची कृपा पहिली हाक मारते, तो परमपिता आम्हां सर्वांस त्या हाकेस ओ देण्याचे बळ देवो. आमेन.

धर्मगुरू, गिरगाव